बॉनेट उघडता येतं का?

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला घरी गेलो तेव्हा बाबांबरोबर 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा २००५ सालचा सिनेमा पाहिला. बाबांची एकतीस वर्षं शिवाजी उद्यमनगरातल्या फाउंड्रीत गेली. सबटायटल्स वाचायचा त्यांना कंटाळा, त्यामुळे कोण काय म्हणतंय ते मी मधूनमधून सांगत होतो. नाव ऐकून त्यांना वाटलं, आपल्याकडच्या कुणाची तरी गोष्ट असणार. 'इंडियन' हे एका अमेरिकन मोटरसायकलचं नाव आहे आणि गोष्ट न्यूझीलंडमधल्या एका म्हाताऱ्याची आहे, हे कळल्यावर त्यांनी चिवड्याची वाटी पुढे ओढली. मग पडद्यावर तो म्हातारा त्याच्या शेडमध्ये धातू वितळवून पिस्टन ओतायला लागला आणि बाबांचा हात वाटीतच थांबला.

"असं ओतलं तर ब्लोहोल पडणार की," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "पडंना का. फुटला तर परत ओतंल. डोक्यावर साहेब थोडाच हाय त्याच्या."

या सिनेमावर बरंच काही लिहिलं गेलंय. पण त्याचा गाभा बाबांनी त्या दोन वाक्यांत सांगितला असं मला वाटतं. हौशी माणसाकडे धंदेवाईक माणसाकडे नसलेली एक गोष्ट असते: चुकायची मोकळीक.

तो म्हातारा म्हणजे बर्ट मन्रो. जन्म १८९९, गाव इन्व्हरकार्गिल, न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला. १९२० साली त्यानं नवीकोरी 'इंडियन स्काउट' घेतली. तेव्हा ती ताशी जेमतेम नव्वद किलोमीटर जायची. पुढची चाळीसहून जास्त वर्षं तो तिच्यातलं काहीतरी बदलत राहिला. ६०० सीसीचं इंजिन वाढवत वाढवत साडेनऊशेच्या आसपास नेलं. पिस्टन घरी ओतले, कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या जुन्या ॲक्सलमधून घडवले. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेत युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या पठारावर त्यानं हजार सीसीखालच्या गटात विक्रम केला. आज नोंदीत असलेला वेग आहे ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे साधारण २९६ किलोमीटर. हा आकडासुद्धा २०१४ साली दुरुस्त झालेला आहे, कारण मूळ सरासरी काढताना हिशेबात चूक झाली होती. मन्रो तोवर जाऊन ३६ वर्षं झाली होती.

दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसननं १९७१ साली मन्रोवर माहितीपट केला होता. माणूस त्यानं जवळून पाहिला होता आणि ते प्रेम सिनेमात दिसतं. अँथनी हॉपकिन्स मन्रोच्या भूमिकेत आहे. हॉपकिन्सचा अभिनय म्हटलं की लोक आवाजाबद्दल आणि डोळ्यांबद्दल बोलतात, मी मात्र इथे त्याचे हात बघत होतो. मला सगळ्यात आवडलं ते शेडमधलं फळकूट. त्याच्यावर फुटलेले पिस्टन, वाकलेले, जळालेले पार्ट रांगेनं मांडलेले आणि वर लिहिलेलं, की हा वेगाच्या देवाला नैवेद्य. माझ्या धंद्यात याच्या बरोबर उलटं चालतं. कोड कंपनीच्या मुख्य शाखेत टाकण्याआधी आम्ही आमचे सगळे फसलेले प्रयत्न 'स्क्वॉश' करतो, म्हणजे पंधरा चुका दाबून एकच स्वच्छ नोंद ठेवतो. पुढे वाचणाऱ्याला वाटावं, यांना पहिल्याच फटक्यात जमलं. मन्रोनं चुकांना देव्हाऱ्यात जागा दिली होती.

पण सिनेमा म्हणून तो जरा जास्तच गोड आहे. मन्रो बॉनव्हिलला अनेकदा गेला, इथे त्या सगळ्या वाऱ्या मिळून एकच झाली आहे. तेवढं सिनेमाला माफ. खटकतं ते हे, की वाटेत जो भेटतो तो चांगलाच निघतो, प्रत्येक अडचण दहा मिनिटांत सुटते आणि मशीनसुद्धा शेवटी शहाण्या मुलासारखं वागतं. चाळीस वर्षं एका इंजिनामागे लागलेल्या माणसाचा कंटाळा, त्याचा हेकटपणा, त्याच्यामुळे इतरांना झालेला त्रास, हे सगळं दोन-चार विनोदांत उरकलं आहे.

श्रेयनामावली सुरू झाली तेव्हा बाबांनी विचारलं, "आणि ह्याचं घर कोण चालवत हुतं?"

मी फोनवर शोधलं. खऱ्या मन्रोला बायको होती, चार मुलं होती आणि पुढे संसार मोडला होता. सिनेमात याला जागाच नाही. तिथे तो शेडमध्ये एकटा राहतो, शेजारचा एक मुलगा त्याचा दोस्त आणि मोटरसायकल एवढंच त्याचं जग.

बाबांचा प्रश्न डोक्यात घेऊन पुण्याला परत आलो आणि त्याच आठवड्यात, खूप दिवस बाजूला ठेवलेला ऋत्विक घटकांचा 'अजांत्रिक' पाहिला. फोनवरच, पण इअरफोन लावून. तुम्हीही तसाच बघा, कारण हा सिनेमा अर्धा कानांनी बघायचा आहे.

'अजांत्रिक' १९५८ चा, सुबोध घोषांच्या बंगाली कथेवरचा. जागा आहे छोटा नागपूरचा पठारी भाग, आजचा झारखंड. बिमल नावाचा एकटा टॅक्सी ड्रायव्हर आणि त्याची १९२० ची खटारा शेव्हरोले, एवढीच मुख्य पात्रं. गाडीचं नाव जगद्दल. बंगालीत जागचं हलत नाही अशा अवजड धोंड्याला 'जगद्दल' म्हणतात. लोक तिला हसतात आणि बिमलला त्याचा राग येतो. तो तिच्याशी बोलतो, तिची समजूत काढतो. आणि घटक जगद्दललाही आवाज देतात. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं की ती तहानलेल्या जनावरासारखी घटाघटा पिते आणि तृप्त झाल्याचा आवाज काढते. तिचे हेडलाइट डोळ्यांसारखे हलतात.

पहिल्यांदा ऐकताना मला हसू आलं. दुसऱ्यांदा ते कमी झालं, कारण तोवर कळलं होतं की हे निव्वळ वेड नाही. रोज तीच गाडी चालवणारा, रोज स्वतः तिच्याखाली झोपणारा माणूस तिचे आवाज ओळखतो. घटकांनी त्याला जे ऐकू येतं ते आपल्याला ऐकवलं, इतकंच. आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तरही इथे आहे. घर जगद्दलच चालवते. बिमल हौशी नाही. मन्रोचा पिस्टन फुटला तर तो फळकुटावर जातो, बिमलचा फुटला तर त्या दिवसाची कमाई जाते. दोघांची कारागिरी सारखीच आहे, फक्त एकाला चूक परवडते आणि दुसऱ्याला नाही. आपल्याकडे 'जुगाड' म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यातलं बरंचसं बिमलच्या बाजूचं असतं. ते मन्रोच्या बाजूचं समजून आपण टाळ्या वाजवतो.

आता मी बघितलेला, आणि माझ्याशी संबंध असलेला, प्रसंग सांगतो.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा काही शे रुपयांचं एक ब्लूटूथ डोंगल घेऊन गेलो. बाबांची २०१४ ची सेकंडहँड पेट्रोल गाडी आहे. तिच्या स्टिअरिंगखाली ओबीडी नावाचं सोळा पिनांचं सॉकेट असतं, गॅरेजवाला स्कॅनर लावतो ते. डोंगल तिथे खोचलं, लॅपटॉप जोडला आणि गाडीला विचारलं: '०१ ०५'. म्हणजे, कूलंटचं तापमान किती? गाडीनं उत्तर दिलं: '४१ ०५ ७बी'. पहिल्या दोन जोड्या म्हणजे 'तुझा प्रश्न कळला'. शेवटची जोडी हे उत्तर. ७बी म्हणजे सोळाच्या पायावर १२३, त्यातून ४० वजा करायचे. ८३ अंश सेल्सिअस.

इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची सहा, एवढ्या काळात कुठल्या यंत्रानं मला दिलेलं हे सगळ्यात आवडतं उत्तर आहे. घटाघटा पाणी पिण्याचा आवाज मला कळला नसता. ही भाषा मला कळते.

बाबा बॉनेट उघडून उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना पुन्हा सुरू केलं. मी आकडे मोठ्यानं वाचत होतो: ३१, ४८, ६६. बाबांनी रेडिएटरच्या वरच्या होसला बोट लावलं होतं. "गारच हाय अजून." ७९. "गारच." ८४, ८६. "आत्ता तापला." थर्मोस्टॅट उघडला होता आणि गरम पाणी रेडिएटरकडे निघालं होतं. मला ते आकड्यांवरून नुसतं अंदाजानं कळलं असतं, बाबांच्या बोटाला नक्की कळलं. त्या दिवशी आम्ही दोघं एकाच गोष्टीबद्दल बोललो. माझ्या नोकरीत मी नेमकं काय करतो हे बाबांना सांगणं मला एरवी कधी जमलेलं नाही.

काय करतो, तर मी गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. आणि खरी अडचण इथे आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाला गॅरेज असलेले मामा त्याच सकाळी डोंगल बघायला आले. त्यांच्याकडे एक नवी गाडी चार दिवस अडकून पडली होती. एक पार्ट बदलला होता, पार्ट अस्सल होता, बसवलाही नीट होता. पण गाडीच्या कंट्रोल युनिटला तो 'ओळखीचा' करून द्यावा लागतो आणि ते करायचं टूल फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरला मिळतं. तोवर स्क्रीनवर एकच ओळ: सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. "तू कॉम्प्युटरवाला हाईस न्हवं," मामा म्हणाले, "काढ की हे."

मी ते काढू शकत नव्हतो. माझं डोंगल तिथवर पोचत नाही. ती गाडी मी काम करतो त्या कंपनीची नव्हती, पण तसंच कुलूप आमच्याकडे ज्यांनी लिहिलं त्यांच्यात मी आहे. तेव्हा मला ते एक चांगलं सोडवलेलं कोडं वाटलं होतं. मामांना मी यातलं काहीच सांगितलं नाही.

कुलपाच्या बाजूनं बोलण्यासारखंही आहे. चोरीचा पार्ट दुसऱ्या गाडीत चालू नये, ब्रेकशी संबंधित सॉफ्टवेअरमध्ये कुणीही हात घालू नये, हे मला आजही पटतं. मन्रो टायरवरची नक्षी चाकूनं तासतो ते सिनेमात बघायला मजा येते. पुणे-बंगळूर महामार्गावर माझ्या शेजारून जाणाऱ्या माणसानं ते केलेलं मला चालणार नाही. पण 'हात घालू नकोस' आणि 'काय बिघडलंय ते तुला सांगणार नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं कारण देऊन आम्ही दुसरीसुद्धा करतो.

गाड्यांकडे बघण्याची नजर बदलली ती इथे, असं मला वाटतं. माझ्या वयाचे मित्र गाडी घेताना स्क्रीन किती इंची आणि सनरूफ आहे का ते विचारतात, बॉनेट कुणी उघडून बघत नाही. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. उघडून दिसतं काय, तर काळं प्लास्टिकचं झाकण. आजची गाडीही बोलते, जगद्दलपेक्षा जास्त आणि स्पष्ट बोलते. पण जगद्दलचं बोलणं बिमलनं स्वतः शिकून घेतलेलं होतं. आजच्या गाडीनं काय बोलायचं आणि काय लपवायचं, ते माझ्यासारख्यांनी मीटिंगमध्ये ठरवलेलं असतं.

घटक जुन्या यंत्राचं भजन करत नाहीत, म्हणून 'अजांत्रिक' मला डोनाल्डसनच्या सिनेमापेक्षा मोठा वाटतो. गावात बुलाकी नावाचा एक वेडा आहे, त्याचा जीव त्याच्या जुन्या भांड्यात. नवं भांडं मिळाल्यावर तो जुनं विसरून जातो. बिमलला ते जमत नाही. तो होतं नव्हतं ते सगळं जगद्दलवर लावतो, नवे पार्ट बसवतो, आणि मग परीक्षा म्हणून तिच्यावर दगडांची रास लादतो. ती चढत नाही. प्रेम, कौशल्य, पैसा, सगळं दिल्यावरही यंत्र मरतं. ती भंगारात जाते. शेवटी मागे राहिलेला हॉर्न एक लहान मूल वाजवतं आणि बिमलच्या चेहऱ्यावर रडणं आणि हसणं एकदमच येतं. नवीन आलेल्याला तो आवाज गंमत वाटतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

म्हणून 'पूर्वीच्या गाड्या किती छान, घरी दुरुस्त व्हायच्या' हे रडगाणं मला गायचं नाही. पूर्वीच्या गाड्या घरी दुरुस्त व्हायच्या कारण सारख्या बिघडायच्या. बाबांना विचाराल तर त्यांना त्यांची आताचीच गाडी आवडते, ती पहिल्या चावीला सुरू होते. मला एवढंच वाटतं, की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर गाडीनं द्यावं. '०१ ०५' ला देते तसं. ते मिळालं की मन्रोसारखं चुकायचं का बिमलसारखं जपायचं, ते ज्याचं तो बघेल.

पुण्याला परतल्यावर मी आमच्या कामाच्या यादीत एक तिकीट टाकलं: 'सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा' या ओळीखाली नेमका कुठला पार्ट ओळखला गेला नाही आणि का, तेही दाखवावं. काम दोन दिवसांचं आहे. पहिल्या मीटिंगमध्ये विचारलं गेलं, ग्राहकाला एवढी माहिती कशाला हवी? मी मामांचं उदाहरण दिलं. ते आपले ग्राहक नाहीत, असं उत्तर आलं. तिकीट पुढच्या तिमाहीत ढकललंय. मी ते बंद केलेलं नाही.