ऐकणाऱ्याचा 'मी' : 'गोलपिठा' आणि 'सुदिरसूक्त' यांच्या स्वीकाराची चिकित्सा

अन्यायाविषयी लिहिणारा कवी अनेकदा वाचकालाच जाब विचारतो. अशा वेळी वाचकाचे पहिले उत्तर बहुधा 'मी तसा नाही' हे असते. ते खरेही असू शकते. पण त्याने कवीचा प्रश्न सुटत नाही, केवळ बाजूला पडतो. दोन काव्यसंग्रहांच्या स्वीकारातून ही गोष्ट तपासून पाहता येते.

नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा' (१९७२) या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. मुंबईच्या वेश्यावस्तीतील बोली पांढरपेशा वाचकाला अपरिचित होती. तेंडुलकरांनी न कळलेल्या शब्दांचे अर्थ ढसाळांना विचारले, त्यांच्याबरोबर ते त्या वस्तीत फिरले आणि हे सारे त्यांनी प्रस्तावनेत नोंदवले. येथेही 'मी' आहेच. मात्र तो आपल्या वर्गाची सफाई देत नाही. आपल्याला काय ठाऊक नाही, ते सांगतो. त्यामुळे लक्ष पुन्हा कवितेकडेच वळते.

विष्णु सूर्या वाघ यांच्या 'सुदिरसूक्त' (२०१३) या कोकणी संग्रहाच्या वाट्याला वेगळे वाचन आले. 'सुदिर' म्हणजे शूद्र. गोव्यातील बहुजनांची अवहेलना आणि उच्चवर्णीयांचे वर्चस्व हा या कवितेचा विषय. २०१७ साली पुरस्काराच्या निमित्ताने वाद पेटला. परीक्षकांपैकी एकाने जाहीर आक्षेप घेतला, प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. एका समाजाची बदनामी आणि अश्लीलता असे आक्षेपांचे स्वरूप होते. स्त्रीदेहाच्या प्रतिमांविषयीचा आक्षेप समीक्षेने गांभीर्याने घ्यावा असाच आहे. काही लेखक संग्रहाच्या बाजूनेही उभे राहिले. तरी चर्चेचा मोठा भाग 'आमच्याविषयी काय लिहिले' येथेच अडकला. 'असे का लिहावे लागले' हा प्रश्न मागे राहिला. आजारपणामुळे वाघ स्वतः उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हते. २०१९ साली त्यांचे निधन झाले.

हा दोष कोणा एका समाजाचा नव्हे. मुस्लिम समाजात अशराफ-अजलाफ भेदाचा विषय निघाला की 'इस्लाममध्ये जात नाही' हे उत्तर तयार असते. शिकवण म्हणून ते बरोबरच आहे. परंतु विचारणारा सोयरिकीविषयी, बिरादरीच्या वागणुकीविषयी बोलत असतो आणि उत्तर देणारा धर्मतत्त्वाविषयी. दोघेही खरे बोलतात, पण संवाद होत नाही.

अध्यापकांच्या दृष्टीने या चिकित्सेचे महत्त्व येथेच आहे. डिचोली तालुक्यातील शिरगावसारख्या गावांतून येणारी, निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकाच बाकावर बसून या कविता वाचतात. त्यांना प्रथम 'पटले का?' असे विचारू नये. कवीचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत मांडायला सांगावे, आणि ते नीट मांडले गेले की नाही हे कवितेशी ताडून पाहावे. सहमती, असहमती, दुखावलेपण यांना त्यानंतर जागा द्यावी. स्वतःविषयी बोलण्यास वर्गात मनाई नसावी. फक्त त्याची पाळी दुसरी असावी.