उद्दिष्टाची स्पष्टता : अध्ययन निष्पत्तींच्या भाषेचे परीक्षण

पाठाचे उद्दिष्ट कोणासाठी लिहावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता गौण वाटतो. तथापि त्याच्या उत्तरावरच उद्दिष्टाची भाषा ठरते. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी लिहिलेले उद्दिष्ट एका प्रकारचे असते; आपण कोठे पोहोचावयाचे हे विद्यार्थ्यास कळावे म्हणून लिहिलेले दुसऱ्या प्रकारचे. आपल्या प्राथमिक शिक्षणात उद्दिष्टांच्या ज्या याद्या आल्या, त्यांचे परीक्षण या भेदाच्या आधारे करणे उचित ठरेल.

राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये असे प्रतिपादन केले की, उद्दिष्ट हे शिक्षकाच्या कृतीत नव्हे, तर विद्यार्थ्यात घडून येणाऱ्या बदलात सांगावे. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी या बदलांचे वर्गीकरण केले. १९९० च्या दवे समितीने मांडलेल्या किमान अध्ययन क्षमता, २०१७ मध्ये शिक्षणहक्क नियमांत स्थान मिळालेल्या इयत्तावार अध्ययन निष्पत्ती आणि ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेले निपुण भारत अभियान, या सर्वांच्या मुळाशी हाच विचार आहे. ‘शिक्षक धडा पूर्ण करील’ याऐवजी ‘विद्यार्थी अमुक करू शकेल’ असे म्हणण्यास या परंपरेने शिकविले, हे तिचे श्रेय निर्विवाद होय.

परंतु वाक्यरचना बदलली म्हणजे स्पष्टता आली, असे नव्हे. चौथीच्या परिसर अभ्यासाची एक निष्पत्ती पाहावी. जत्रा, सण, ऐतिहासिक स्थळ इत्यादींविषयीची निरीक्षणे विविध प्रकारे नोंदविणे आणि त्यांतील आकृतिबंध ओळखणे, अशी अपेक्षा तीत एकत्र केली आहे. नोंद करणे व आकृतिबंध ओळखणे ही निरनिराळी कामे आहेत. एक जमले व दुसरे जमले नाही, तर निष्पत्ती साधली काय? शिक्षकास याचे उत्तर त्या वाक्यात सापडत नाही. मग विद्यार्थ्यास कोठून सापडणार?

याउलट निपुण भारत अभियानाचे लक्ष्य नेमके आहे : तिसरीच्या अखेरीस अर्थ समजून मिनिटाला किमान ६० शब्द वाचणे व ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणे. हे मूल स्वतः पडताळू शकते, त्याचे पालकही पडताळू शकतात. धोका आहे तो निराळाच. शब्द मोजता येतात, अर्थग्रहण तितक्या सहजतेने मोजता येत नाही. आणि जे मोजले जाते तेच हळूहळू शिकविले जाते.

या दोन टोकांतून मार्ग कसा काढावा, याचे उदाहरण जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे घेता येईल. येथील मुलांना ऐतिहासिक स्थळ पाहण्यास दूर जावयाचे कारण नाही. सांचीच्या दानलेखांतून ज्या भोगवर्धन नगराचा उल्लेख येतो, ते हेच. नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ मध्ये येथे संयुक्त उत्खनन केले. येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातील मूर्तीशी साम्य आढळते.

या विषयावर ‘प्राचीन वारशाची जाणीव होणे’ असे उद्दिष्ट लिहिले, तर ते कधीच चुकत नाही आणि कधीच साधत नाही. ‘उत्खननाचे वर्ष सांगणे’ असे लिहिले, तर ते मोजता येते, परंतु निष्फळ ठरते. त्याऐवजी ‘या दोन मूर्तींच्या साम्यावरून काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही, हे विद्यार्थी कारणासह आपल्या शब्दांत सांगेल’ असे म्हटल्यास कसोटी नेमकी होते आणि विचारासही अवकाश राहतो. दूरदेशीच्या संपर्काचे अनुमान करता येते. पाँपेईची मूर्ती भोकरदनलाच घडली, हे मात्र केवळ साम्यावरून सिद्ध होत नाही. एवढा भेद ज्या मुलाला सांगता आला, त्याला पुरावा म्हणजे काय हे कळू लागले.

ज्या वर्गात काही मुले जोडाक्षरांशी झगडत असतात व काही पुढील धडा वाचून बसलेली असतात, तेथे अशा उद्दिष्टाचे मोल अधिक आहे. अडखळत वाचणाऱ्या मुलासही तोंडी उत्तर देऊन त्यात सहभागी होता येते. वाचनाचे लक्ष्य त्याच्यासाठी स्वतंत्रपणे राखावे. विचाराचे लक्ष्य वाचन सुधारेपर्यंत तहकूब करू नये.

सारांश, यादीतील निष्पत्ती हा कच्चा माल होय. शिक्षकाने तिचे विभाजन करून, तासाच्या आरंभी मुलांच्या बोलीत ती सांगावी व अखेरीस मुलांकडूनच ती वदवून घ्यावी. जे उद्दिष्ट पाठटाचणातच राहते, ते कितीही शास्त्रशुद्ध असले, तरी वर्गाच्या दृष्टीने अलिखितच होय.