डेस्कटॉप निवडताना : आधी जमीन, मग वाण

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे कर्जत-खालापुरात ज्या शाळांत, वाचनालयांत जुने संगणक आहेत, तिथे लिनक्सचा विचार करावाच लागतो. आणि लिनक्स म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो : डेस्कटॉप कुठला घ्यायचा?

या विषयावरची बहुतेक परीक्षणं डोळस माणसानं डोळसांसाठी लिहिलेली असतात. थीम किती, आयकॉन कसे, पट्टी कुठे सरकते, यावर गुण दिले जातात. आमचा आक्षेप इथेच आहे. हवं ते बदलता येणं वेगळं आणि ज्याला गरज आहे त्याला स्वतः बदलता येणं वेगळं. म्हणून आमची कसोटी एकच. दृष्टिहीन विद्यार्थ्यानं यंत्र सुरू करावं, लॉगिन करावं, फाइल लिहून जपावी आणि यंत्र बंद करावं. मधे कुणाला हाक मारावी लागू नये. शिकवणारा माणूस लोकलनं दोन तासांवर मुंबईत असेल, तर ही कसोटी चैनीची नाही.

आता एकेक बघू. ग्नोम या कसोटीवर सगळ्यात पुढे. लॉगिनच्या पडद्यावरच विंडोज, ऑल्ट आणि एस एकत्र दाबलं की ऑर्का हा स्क्रीन रीडर बोलायला लागतो. पण ग्नोमला मेमरी भरपूर लागते, आणि बदल करू देण्यात तो कंजूष. वरून जोडलेली एक्स्टेन्शन्स नव्या आवृत्तीत बंद पडतात. २०११ मध्ये ग्नोम ३ नं जुनी मांडणीच मोडली. ज्यांच्या बोटांना जागा पाठ होत्या, त्यांना पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी लागली.

त्याच नाराजीतून माते निघाला. नाव दक्षिण अमेरिकेतल्या एका पेयाचं. जुनी मांडणी तशीच, ऑर्का चालतो, अंगानं हलका. केरळातून आलेली, दृष्टिहीनांसाठीची अ‍ॅक्सेसिबल कोकोनट ही प्रणाली उबुंटू मातेवरच उभी आहे. उणीव अशी की काम करणारे हात थोडे, सुधारणा हळू.

केडीई प्लाझ्मात वाट्टेल ते बदला. अंधुक दिसणाऱ्याला त्यातलं भिंग उत्तम, रंगांधळ्यांसाठी रंगदुरुस्तीही आहे. पण ऐकून काम करणाऱ्याला तोच पसारा म्हणजे न संपणारी यादी. एक्सएफसीई जुन्या यंत्रावर पळतो, ऑल्ट दाबून माउसचं चाक फिरवलं की पडदा मोठा होतो. ऑर्काच्या बाबतीत मात्र तो मागे.

मराठीत सगळेच कमी पडतात. ईस्पीक एनजी मराठी वाचतं, पण आवाज यांत्रिक, कानाला सवय करावी लागते. मेनूंचे अनुवादही सगळीकडे पूर्ण नाहीत. आणि हे काम किती थोड्या खांद्यांवर आहे बघा. ऑर्का सन मायक्रोसिस्टिम्समध्ये वाढला. २०१० मध्ये ओरॅकलनं सन घेतली आणि या कामावरची माणसं कमी केली. तरी ऑर्का जगला, कारण त्याचा कोड खुला होता, दुसऱ्यांना तो पुढे नेता आला. मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे, ते हे.

मग घ्यायचं काय? आपल्याकडे भाताचं वाण ठरवताना आधी खाचर बघतात. उंचावर हळवं, पाणथळीत गरवं. गरवं वाईट म्हणून नव्हे, तर उंचावर ते पोसवायच्या आत पाऊस निघून जातो म्हणून. तसंच इथे. यंत्र जुनं आणि वापरणारा दृष्टिहीन, तर माते. आठ जीबी मेमरी असेल तर ग्नोम. अंधुक दृष्टी असेल आणि यंत्र बरं असेल, तर प्लाझ्मा. सगळेच डोळस असतील तर एक्सएफसीई खुशाल घ्या.

ठरवण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, काही पुसावं लागत नाही. पण खुर्चीत आपण बसू नका. ज्याच्यासाठी घ्यायचं त्याला बसवा, अर्धा तास गप्प राहा, आणि त्यानं किती वेळा मदत मागितली तेवढंच मोजा.