उपकथानकाची किंमत

कर्जत-खालापूरच्या पट्ट्याने पडद्यावरचे राजवाडे उभे राहताना पाहिले आहेत. नितीन देसाई यांनी २००५ मध्ये या भागात स्टुडिओ सुरू केला आणि ‘राजा शिवछत्रपती’सारखी भव्य मराठी मालिका तिथे साकारली. पुढच्या काळात मराठी पौराणिक आणि गूढ मालिकांनी नेपथ्य, वेशभूषा, व्हीएफएक्स यांत मोठी मजल मारली. पटकथा मात्र एका ठिकाणी अजून अडते: उपकथानक मुख्य कथानकाला जोडायचे कसे? दैवी संकटाचा एक ट्रॅक आणि घरातल्या कारस्थानाचा दुसरा ट्रॅक आळीपाळीने दाखवायचा, हा रुळलेला मार्ग. दोन्हींत माणसे तीच, घरही तेच. पण एकाचा निकाल लागला तरी दुसऱ्याचे काही बिघडत नाही. याला जोड म्हणता येणार नाही.

अद्भुतकथेकडे ही जोड साधण्याचे एक खास साधन असते, ते म्हणजे अट. शाप, वर, पैज, व्रत ही सगळी अटीचीच रूपे. रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ १९८५ मध्ये दूरदर्शनवर आली. तिच्यामागे सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तली, मराठी घरांत ‘वेताळ पंचविशी’ म्हणून ओळखीची असलेली कथामाला आहे. मौन राखून वेताळाला एका भिक्षूकडे घेऊन जायचे, ही विक्रमाची मुख्य कथा. वेताळ वाटेत ज्यांच्या गोष्टी सांगतो, त्यांचा विक्रमाशी काडीचा संबंध नसतो. पण गोष्ट संपली की प्रश्न येतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर राजाचे डोके फुटणार, बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. उपकथेचा उलगडा झाला की मुख्य कथा मागे पडते. शेवटच्या कोड्यात एक बाप परक्या मुलीशी लग्न करतो आणि त्याचा मुलगा तिच्या आईशी. त्यांच्या मुलांचे एकमेकांशी नाते काय, हे राजाला सांगताच येत नाही. तो गप्प राहतो, मौन टिकते, आणि वेताळ त्याला भिक्षूचा कपटी बेत सांगून टाकतो. नवे पात्र न आणता, अट न बदलता दोन्ही कथा एका जागी येतात.

जेजुरीची कथाही याच जातीची. खंडोबा पत्नी म्हाळसेशी सारीपाट खेळतो, हरतो आणि पैजेप्रमाणे बारा वर्षांसाठी घर सोडतो. चंदनपुरीला बाणाईच्या घरी त्याने मेंढरे राखली आणि तिच्याशी लग्न केले, हे सारे उपकथानक. पण त्याला सुरुवात होते ती म्हाळसेने जिंकलेल्या डावाने, आणि त्याचे पर्यवसान म्हाळसेच्या संसाराच्या वाटणीत होते. ती वाटणी जेजुरीला आजही दिसते: म्हाळसा गडावर देवाजवळ, बाणाईचे देऊळ चढणीच्या वाटेवर. वाघ्या-मुरळी जागरणात ही कथा गात आले. झी मराठीवर २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जय मल्हार’चे खरे बळही चमत्कारांपेक्षा या वाटणीत होते, असे मला वाटते.

‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ या मालिकेतल्या नेत्राला पुढचे दिसते, ही कल्पनाही तितकीच सशक्त. पण अशी शक्ती फुकट मिळाली की दिसलेले संकट टळते आणि घर होते तसेच राहते. समजा, प्रत्येक दृष्टान्तामागे जवळच्या माणसाची एक आठवण पुसली जाणार, अशी अट घातली. मग एखाद्या दुय्यम पात्राला वाचवतानाही नायिकेच्या संसारातले काहीतरी कायमचे जाईल.

यावर पहिला आक्षेप असा की, आठवड्याला पाच-सहा भाग लिहायचे तर इतकी वीण जमत नाही, आणि प्रेक्षक तरी कुठे सलग पाहतो? कर्जतच्या लोकलमार्गावरच्या शेलूहून मुंबईला कामाला जाणारा माणूस लोकलमध्ये मोबाईलवर तुकड्यातुकड्यांत मालिका पाहतो. घाईची अडचण खरी आहे. पण अट एकदाच ठरवावी लागते. ठरली की रोजच्या लेखकाचे काम सोपे होते. आणि तुकड्यांत पाहणाऱ्यालाच प्रत्येक भागात काहीतरी बदलल्याचे जाणवणे अधिक गरजेचे असते. दुसरा आक्षेप ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा: तिथे कथानके वर्षानुवर्षे वेगळी चालतात. चालतात, पण हिशेब चुकता होतो. दुसऱ्या पर्वात टिरियन हे पात्र किमयागारांची हिरवी आग पाहून ठेवतो, तेव्हा ती बाजूची गोष्ट वाटते. चार भागांनंतर ‘ब्लॅकवॉटर’ या भागात त्याच आगीने शत्रूचे आरमार जळते. तिसरा आक्षेप विरंगुळ्याचा. विनोदी ट्रॅक जरूर असावा. पण विक्रम-वेताळाच्या रचनेत हलकीफुलकी गोष्टही राजाला चुकत नाही.

म्हणून पटकथेच्या बैठकीत प्रत्येक ट्रॅकला एकच प्रश्न विचारावा: हा संपल्यावर मुख्य पात्राचे काय जाणार आहे? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर तो ट्रॅक काढावा किंवा त्याला अटीत बांधावा. यासाठी जास्तीचा पैसा लागत नाही, पहिला भाग चित्रित होण्याआधी विचाराला थोडा वेळ लागतो. वाहिन्यांनी सेटइतकीच या वेळेची तरतूद केली, तर जागरणात रात्रभर कथा ऐकणारा मराठी श्रोता मालिकाही तितक्याच जागेपणी पाहील.