सैल गाठीचं सौंदर्य

सप्टेंबर २००९मध्ये ‘नेचर’मध्ये एका स्फटिकाची रचना प्रसिद्ध झाली. आकार जेमतेम पाव मिलिमीटर, पण आतली मांडणी आधी कागदावर आखलेली. न्यूयॉर्क विद्यापीठातले नेड सीमन, पर्ड्यू विद्यापीठातले चेंगडे माओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएतून घडवलेली ही कृती अक्षर अक्षर लावून वाचावी अशी आहे.

तिचा मूळ घटक त्रिकोण. डीएनएच्या तीन दुपेडी दांड्या. प्रत्येक दांडी एकीच्या वरून आणि दुसरीच्या खालून जाते, बुरडाच्या टोपलीतल्या कामट्यांसारखी. त्यामुळे त्या एका पातळीत पडून राहत नाहीत, तीन वेगळ्या दिशांना टोकं काढतात. पुढचे त्रिकोण त्याच टोकांना जोडले जातात आणि जाळी लांबी, रुंदी, उंची तिन्हींत वाढते.

आता मोजमाप बघा. डीएनएचा पीळ अक्षरांच्या साधारण साडेदहा जोड्यांत एक वेढा पुरा करतो. इथे एका त्रिकोणापासून पुढच्यापर्यंत २१ जोड्या, म्हणजे दोन पुरे वेढे. म्हणून पुढचा त्रिकोण मागच्यासारखंच तोंड करून बसतो. एक जोडी इकडची तिकडे झाली तरी ओळ वळत गेली असती.

पण खरी गंमत टोकांशी आहे. तिथे दोनच अक्षरं मोकळी: एकीकडे जी-ए, दुसरीकडे टी-सी. जोड पक्का हवा तर हे मोकळं शेपूट लांब ठेवावं, असं कुणालाही वाटेल. इथे गाठ मुद्दाम कच्ची ठेवली आहे. चुकीचा बसलेला त्रिकोण सुटून पुन्हा जागा शोधू शकतो. नीट बसला की सगळ्या बाजूंच्या गाठी मिळून त्याला धरतात. द्रावण सावकाश थंड करायचं, दुरुस्त्या रेणूच करतात.

या कल्पनेचं बीज जुनं. १९८०मध्ये ऑल्बनीतल्या एका पबमध्ये सीमन यांना चित्रकार एशरच्या ‘डेप्थ’ या चित्रातले रांगेत पोहणारे मासे आठवले, आणि प्रत्येक माशाच्या जागी त्यांनी सहा फाट्यांचा डीएनए कल्पिला. पण डीएनएचे साधे सांधे लवचीक. त्यांवर जाळी ताठ उभी राहीना. तो ताठपणा या त्रिकोणाने आणला.

उणीव आहेच. क्ष-किरणांतून मिळालेल्या चित्राचा बारकावा चार अँगस्ट्रॉमचा, त्यात अणू सुटे दिसत नाहीत. स्फटिक होऊ न धजणारी प्रथिनं अशा जाळीच्या पोकळ्यांत ओळीने बसवून त्यांची रचना पाहायची, हे सीमन यांचं मूळ स्वप्न. त्यासाठी चित्र याहून रेखीव हवं. तरी सांधे ताठ आणि गाठी सैल, हा तोल या कृतीने साधला. माझ्या लेखी तिची थोरवी त्यातच आहे.