किशोरवयीन संघर्षकथेतील विश्वासाचा प्रश्न

प्रस्तावना :
संकटात सापडलेल्या किशोरवयीन नायकाच्या कादंबरीत अन्न, पाणी व निवारा यांचा शोध ठळकपणे दिसतो. तथापि कथानकाला गती मिळते ती दुसऱ्याच प्रश्नामुळे : विश्वास कोणावर ठेवावा? या प्रश्नाची हाताळणी कशी होते आणि मराठी किशोर साहित्यात तिला कोणते स्थान आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
स्टीव्हन्सन यांच्या 'ट्रेझर आयलंड' (१८८३) या कादंबरीत जिम हॉकिन्सला एका पायाच्या खलाशापासून सावध राहण्याची सूचना आधीच मिळालेली असते. तरीही जॉन सिल्व्हरचे नीटनेटके, हसतमुख रूप पाहून तो निश्चिंत होतो. सफरचंदांच्या पिंपात बसून कट ऐकल्यावरच त्याचा भ्रम फिटतो. याउलट, बेटावर तीन वर्षे एकाकी राहिलेला, चिंध्या पांघरलेला बेन गन प्रथम भीती निर्माण करतो. प्रत्यक्षात तोच साहाय्यक ठरतो. सूचना असूनही माणूस ओळखता येत नाही, हे येथील मर्म होय.

सुझान कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' (२००८) मध्ये प्रत्येक स्पर्धक दुसऱ्याचा संभाव्य मारेकरी आहे. झाडावर अडकलेल्या कॅटनिसला रू ही लहान मुलगी घातक गांधीलमाश्यांचे पोळे दाखवते. तिने कोणतेही आश्वासन दिलेले नसते. मैत्रीचा पाया तिच्या कृतीने घातला जातो. दोन्ही कादंबऱ्यांत शब्द व रूप अपुरे ठरतात आणि स्वतः धोका पत्करून केलेले वर्तन हीच कसोटी उरते.

मराठीत भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेने साहसाची गोडी लावली, हे निर्विवाद आहे. मात्र फेणेचा संशय बहुधा खरा ठरतो. त्यामुळे वाचक थरारात सहभागी होतो, पण निर्णयाचे ओझे त्याच्यावर पडत नाही.

या ओझ्याची जाणीव देणारे साहित्य गोंदिया जिल्ह्याच्या परिसरात सापडते, परंतु ते कादंबरीच्या रूपात नाही. वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांच्या नवेगावबांधविषयक ललित लेखनात माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखे स्थानिक जाणकार गुरुस्थानी येतात. बाहेरून आलेला शिक्षित अधिकारी गावच्या माणसाचे ऐकतो, कारण त्याच्या शब्दाची प्रचिती जंगलात घेता येते. येथे विश्वास ही भाबडी श्रद्धा नसून पडताळलेले ज्ञान आहे.

मोहफुले वेचण्यासाठी वा तेंदूपत्ता तोडण्यासाठी पहाटे जंगलात जाणाऱ्या कुटुंबातील मुलांना हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. आज त्या बाजूला जाऊ नये, असे कोणी सांगितले तर ते मानायचे की नाही, यावर जीव अवलंबून असू शकतो. गोड बोलणारा उपरा आणि अबोल वृद्ध मोहवेचा यांत निवड करणारा नायक येथील मातीतूनच उभा राहू शकतो.

निष्कर्ष :
संघर्षकथेचे मूल्य थरारावर नव्हे, तर वाचकाच्या विवेकाला दिलेल्या कामावर ठरते. खलनायक पहिल्याच पानावर ओळखू येणारी कथा मनोरंजन करते. परंतु पारख शिकवीत नाही. झाडीपट्टीच्या अरण्यात घडणारी आणि विश्वासाचा निर्णय किशोर वाचकावर सोपवणारी कादंबरी ही मराठीची गरज आहे. तोपर्यंत वर्गात उपलब्ध कथा शिकविताना, नायकाने विश्वास कोणावर ठेवला यासोबतच तो कोणत्या आधारावर ठेवला, हेही विचारले जाणे आवश्यक ठरते.