कथेंतलें मुंगूस आणि बांधावरचें मुंगूस

अक्कलकोट तालुक्यांतील मैंदर्गीस मराठी व कानडी या दोन्ही भाषा शेजारीं नांदतात. तेथें एका प्राण्याच्या नांवाला दुभाष्या लागत नाहीं. मराठींत जें मुंगूस, तेंच कानडींत मुंगुसी. इंग्रजीनेंही आपला शब्द मराठींतूनच उचलला. नांवाबरोबर या प्राण्याची कथाही दूरवर गेली. परंतु कथाकारांनीं त्याला न्याय दिला काय?

पंचतंत्राच्या 'अपरीक्षितकारक' या पांचव्या तंत्रांतील मुंगूस आमच्या घरोघरीं ठाऊक आहे. पाळण्यांतील बाळासाठीं त्यानें साप मारला. आणि तोंडाचें रक्त पाहतांच बाळाच्या आईनें पाण्याची घागर टाकून त्यालाच ठार केलें. या मुंगसाला खोडी नाहीं, लहर नाहीं, स्वतःची भूकही नाहीं. तें केवळ निष्ठेचें प्रतीक होय. तथापि कथेचें सामर्थ्य असें कीं, अखेर अपराधी म्हणून वाचकच उभा राहतो.

किपलिंगच्या 'जंगल बुक'मधील (१८९४) रिक्की-टिक्की याच्या अगदीं उलट. तें हुंगतें, शेपटी फुलवितें, दिसेल त्या वस्तूंत नाक खुपसतें. लेखकाची दृष्टि येथें खरोखर जागी आहे. मात्र त्याचा सारा पराक्रम साहेबाच्या बंगल्याच्या राखणींत खर्ची पडतो. आमच्या मतें चित्र किपलिंगचें सरस, पण विचार पंचतंत्राचा खोल.

कथेंतील लाडाची किंमत प्राण्यास कशी मोजावी लागते, हें अमेरिकेंतील रॅकूनवरून दिसतें. डोळ्यांभोंवतीं काळा पट्टा असलेला हा प्राणी २०१४ च्या एका चित्रपटांत बंदूकधारी वीरही झाला. त्यापूर्वींच, स्टर्लिंग नॉर्थच्या 'रास्कल' (१९६३) या पुस्तकावरून जपानांत १९७७ सालीं दूरचित्रवाणीवर चित्रमालिका निघाली. मुलांना रॅकून हवासा झाला. ते परदेशांतून आणले गेले, मोठे होऊन अनावर झाले, व रानांत सोडले गेले. आज तेथें पिकांचे शत्रु म्हणून ते पकडले जातात. मूळ पुस्तकांतील मुलगाही अखेर आपल्या सोबत्याचा निरोप घेतो, हें त्या कौतुकांत विसरलें गेलें असावें.

जपानला हंसण्यापूर्वीं आपण आपल्या मुलांची रंगपेटी उघडून पाहावी. मुंगसाच्या केसांचे कुंचले आमच्याकडे दीर्घकाळ विकले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं हा व्यापार गुन्हा ठरूनही तो पुरता थांबलेला नाहीं. जेथें पंचतंत्र सांगितलें जातें त्याच घरांत असा कुंचला असणें, म्हणजे ती घागर दुसऱ्यांदा टाकणेंच नव्हे काय?

म्हणून मराठी लेखकाकडून आमची एक अपेक्षा आहे. ज्याला राखावयास पाळणा नाहीं, मारून दाखवावयास सापही नाहीं, असें मुंगूस त्यानें लिहावें: उंदीर, किडे, अंडीं खाऊन शेताच्या बांधावर स्वतःसाठीं जगणारें. उपयोगावांचूनही ज्याच्याविषयीं आपुलकी वाटते, तोच प्राणी साहित्यांत खरा जिवंत झाला असें आम्ही समजूं.